ऊसतोडीच्या घरची नववी-दहावीची मुलं शेवटच्या पेपरापर्यंत शाळेत कशी टिकवायची?

डोंगरपट्टा

नमस्कार. बीड जिल्ह्याच्या डोंगरपट्ट्यातल्या एका अनुदानित माध्यमिक शाळेत नववीचा वर्ग यंदा माझ्याकडे आहे. पटावर ४८ मुलं, त्यांतली निम्म्याहून जास्त ऊसतोडीच्या घरची. दिवाळीची सुट्टी संपून शाळा भरते तेव्हा तोडणी मजुरांच्या टोळ्या निघून गेलेल्या असतात. आईबापांबरोबर कारखान्यावर गेलेली मुलं पट्टा पडल्यावर (कारखान्याचा हंगाम संपल्यावर), म्हणजे मार्च-एप्रिलात परततात आणि काही जण त्यानंतर वर्गात येतच नाहीत. शाळेच्या दहावीच्या निकालात ही गळती दिसत नाही, कारण ज्यांनी फॉर्म भरला त्यांचाच निकाल लागतो.

आठवीपर्यंतच्या मुलांना गावात हंगामी वसतिगृहाचा (तोडीच्या हंगामापुरत्या सरकारी सोयीचा) आधार असतो. पुढच्या दोन वर्षांचं काय, हा माझा प्रश्न आहे. कोणत्या महिन्यात नेमकं काय करायचं? कोणतं मूल तुटणार हे आधी कसं ओळखायचं? मुलीला मागे ठेवायला घरचे तयार नसतात तिथे काय करता येतं? नववीत येऊनही ज्यांना सलग वाचता येत नाही त्यांचं काय? कागदपत्रांतही दरवर्षी कुणाचं ना कुणाचं अडतंच. ज्यांनी हे काम केलंय त्यांनी तपशिलात लिहावं ही विनंती.

---

कोरी पाटी

सर, सगळ्यात आधी वेळ पकडा. मूल दिवाळीनंतर जातं, पण त्याचं जाणं ठरतं मुकादमाकडून (टोळी जमवणाऱ्या कंत्राटदाराकडून) उचल, म्हणजे हंगामाच्या मजुरीची आगाऊ रक्कम, घेतली जाते तेव्हा. पावसाळ्यात, कुठे कुठे त्याच्याही आधी, उचल वाटली जाते. कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी, एकटा माणूस असेल तर अर्धा कोयता. सोळा वर्षांचा धडधाकट मुलगा घरात असेल तर त्याला अर्धा कोयता धरून उचल घेतली जाण्याची शक्यता असते. एकदा तसं झालं की त्याचं शाळेत राहणं म्हणजे घरावर फेडायचं कर्ज. मग ऑक्टोबरात तुम्ही कितीही समजावलं तरी बापाच्या हातात काही उरत नाही. म्हणून पालकांशी पहिलं बोलणं जुलैत व्हावं, फार तर ऑगस्टअखेरपर्यंत.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात एक वही करा, मुलागणिक एक पान. त्यात एवढं टिपा: आईवडील तोडीला जातात का, कोणत्या भागात, कोणत्या मुकादमाच्या टोळीत, मुकादमाचा आणि गाडीवाल्याचा मोबाईल नंबर, गावात मागे कोण राहतं, पाठची भावंडं किती वर्षांची आहेत, घरापासून शाळा किती लांब आणि येण्याचं साधन काय. घरात दोन वर्षांचं मूल असेल तर त्याला सांभाळायला कोपीवर (तिकडच्या झोपडीवर) कुणीतरी लागणार, आणि ती बहुधा तुमच्या वर्गातली मुलगीच असणार, हे त्या एका नोंदीवरून कळतं.

याच पानावर गेल्या वर्षीची नोव्हेंबर ते मार्चची हजेरी लिहा. आठवी दुसऱ्या शाळेत झाली असेल तर तिथल्या वर्गशिक्षकांना फोन करून विचारा. मूल पुढे काय करणार याचा अंदाज बांधायला गुणांपेक्षा ही हजेरी जास्त उपयोगी पडते. गेल्या हंगामात जे मूल गेलं, ते याही हंगामात जाणार असं धरूनच चाला.

एक गळती तुमच्या हजेरीपटावर येण्याच्याही आधी होते. जिल्हा परिषदेची शाळा गावाप्रमाणे सातवीला किंवा आठवीला संपते. मूल दाखला घेऊन बाहेर पडतं आणि पुढच्या शाळेत नाव घालायला कुणी येत नाही. आधीची शाळा म्हणते आमच्याकडून उत्तीर्ण होऊन गेलं, पुढच्या शाळेला त्याचा पत्ताच नसतो. मे महिन्यात आसपासच्या प्रत्येक शाळेतून शेवटच्या वर्गाची यादी आणा. जूनअखेर ती आपल्या नवीन प्रवेशांशी ताडून बघा आणि जी नावं उरतील त्यांच्या घरी जा. ही घरं बहुतेक वेळा पाच-सहाच असतात, दोन संध्याकाळींत काम होतं.

वर्ष सुरू झाल्यावर हजेरीचा नियम साधा ठेवा. सलग तीन दिवस खाडा पडला तर त्याच दिवशी फोन, पाच दिवस झाले तर घरभेट. महिन्यात तीन सुटे खाडे पडले तरी पानावर खूण करा. आठवडी बाजाराच्या दिवशी किंवा दर सोमवारी जो गायब असतो तो कुठेतरी कामाला लागलाय असं समजा. या खुणेच्या जोडीला पहिल्या घटक चाचणीत गणित, इंग्रजी, विज्ञान यांतल्या दोन विषयांत नापास असेल तर ते मूल धोक्याच्या यादीत. यादी पंचवीसच्या पुढे गेली तर सरसकट सगळ्यांमागे धावू नका. ज्यांचे आईबाप जाणार आणि मागे सांभाळणारं कुणी नाही त्यांना सगळ्यात वर घ्या.

नंतर प्रत्येक मुलामागे एक माणूस नेमा. वर्गशिक्षकाने एकट्याने पंचवीस मुलांकडे बघणं होत नाही. पाच जणांनी पाच-पाच मुलं घ्यावीत. त्यात लिपिक आणि शिपाईही धरा. त्याच वाडीवर राहणाऱ्या शिपायाला घरातल्या हालचाली सगळ्यांच्या आधी कळतात. नेमलेल्या माणसाने रोज त्या मुलाला नावाने हाक मारायची, खाडा पडला तर फोन करायचा आणि आठवड्याला पानावर एक ओळ लिहायची. बऱ्याच शाळांत समिती होते, इतिवृत्त लिहिलं जातं, पण कुठलं मूल कुणाचं हेच ठरलेलं नसतं. तिथे हमखास सगळं ढेपाळतं.

घरभेटीला संध्याकाळी सातनंतर जा, दोघंही घरी सापडतात. कायद्याने सुरुवात करू नका. एकच विचारा: तिला मागे ठेवायची तर काय काय लागेल? झोपायचं कुठे, जेवायला कोण घालणार, आजारी पडली तर कोण नेणार, ही तीन उत्तरं तुमच्याजवळ नसतील तर चहा पिऊन परत यावं लागतं. ती तयार असतील तर बोलणं पुढे सरकतं. पालकांना हजेरीचा हिशोबही दाखवा. वर्षाचे कामाचे दिवस साधारण २१० धरले तर ७५ टक्क्यांसाठी जवळजवळ १६० दिवस भरावे लागतात. जूनच्या मध्यापासून दिवाळीपर्यंत नव्वद ते शंभर भरतात. म्हणजे दिवाळीनंतरचे साठेक दिवस हाच खरा प्रश्न आहे. ‘पाच महिने राहू द्या’ यापेक्षा ‘जानेवारीअखेरपर्यंत तरी राहू द्या, मग पुन्हा बोलू’ हे लवकर मान्य होतं. आणि जानेवारीपर्यंत राहिलेलं मूल पुढेही राहण्याची शक्यता जास्त असते.

---

गृहप्रमुख

राहण्याच्या सोयीबद्दल लिहिते, कारण सगळं तिथेच अडतं.

तालुक्याच्या ठिकाणची सोय आधी बघा. ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना आहे. समाजकल्याणची मागासवर्गीय मुलामुलींची वसतिगृहं आहेत. मुलींसाठी काही तालुक्यांत कस्तुरबा गांधी बालिका विद्यालयाचं वसतिगृह आहे. अर्ज जून-जुलैतच द्यावेत. दिवाळीत चौकशीला गेलात तर जागा भरलेल्या असतात. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, बोनाफाईड, आधार, आणि आईवडील तोडीला जातात याचा पुरावा, हे सगळं मे महिन्यातच गोळा करायला सांगा. इथे गेल्यावर शाळा बदलावी लागते, म्हणून हा बदल नववीच्या सुरुवातीला करावा. दहावीच्या मध्यात अजिबात नको.

दुसरा मार्ग गावातच, आजीजवळ. बहुतेक घरांत म्हातारी माणसं मागे राहतातच. आजीजवळ राहिलेलं मूल तुटतं ते बहुधा धान्य आणि पैसा संपल्यामुळे. इथे रेशनचं काम नीट झालं तर निम्मा भार उतरतो. प्राधान्य कुटुंबाच्या कार्डावर माणशी महिन्याला ५ किलो धान्य मिळतं आणि एकाच कार्डावरचं धान्य थोडं कारखान्याजवळ, थोडं गावात उचलता येतं. पण त्यासाठी मुलाचं नाव कार्डावर हवं, ई-केवायसी झालेली हवी आणि दुकानातल्या यंत्रावर त्याचा किंवा आजीचा अंगठा लागायला हवा. म्हातारीच्या बोटांच्या रेषा झिजलेल्या असतात, अंगठा बऱ्याचदा घेतला जात नाही. म्हणून मुलाची ई-केवायसी सप्टेंबरातच करून घ्या. आणि आईबाप पूर्ण कुटुंबाचं धान्य तिकडेच उचलणार नाहीत हे आधीच त्यांच्याशी बोलून ठरवा. हे न ठरवल्यामुळे आजी रिकामी पिशवी घेऊन परत येते.

तिसरा मार्ग, आठ-दहा मुलींची गावातच एकत्र सोय. विश्वासातल्या बाईचं घर किंवा ग्रामपंचायतीची खोली, स्वयंपाकाला एक बाई, रात्री झोपायला एक वयस्क बाई. नववी-दहावीच्या मुलीला महिन्याला १२ किलो धान्य, २ किलो डाळ-कडधान्य आणि पाऊण ते एक किलो तेल लागतं. दहा मुलींना पाच महिन्यांसाठी ६०० किलो धान्य झालं. त्यातलं २५० किलो रेशनमधून येतं, उरलेल्या ३५० किलोंसाठी पालकांकडून ज्वारी-बाजरी घ्या. निघताना प्रत्येक घराने ३५ किलोचं पोतं ठेवायचं असा हिशोब सांगितला की लोक देतात, कारण घरचं धान्य घरच्याच लेकराला जातंय हे दिसतं. डाळ १०० किलो आणि तेल ५० किलोच्या आत, हे गावातल्या नोकरदारांकडून आणि माजी विद्यार्थ्यांकडून वस्तूंच्या रूपात घ्या, रोख नको. भाजी, गॅस, स्वयंपाकाच्या बाईंचं मानधन हे खर्च रोखीचे, त्याची वही स्वतंत्र ठेवा आणि महिन्याला पालक-शिक्षक संघापुढे वाचा. गावात आठवीपर्यंतचं हंगामी वसतिगृह चालू असेल तर नववीच्या मुली तिथेच जेवायला बसवण्याचा मोह होतो. तो टाळा. ते अनुदान मंजूर मुलांच्या संख्येवर येतं, तपासणीत हिशोब जुळत नाही आणि त्या लहान मुलांची सोयच बंद पडते. चूल एक असली तरी चालेल, पण धान्य आणि हजेरी वेगळी ठेवा.

घरचे मुलीला मागे ठेवत नाहीत ते भीतीपोटी. ती भीती खरी आहे, तिला नावं ठेवू नका. आतून पक्की कडी, चालू दिवा, आवाराच्या आतच संडास-न्हाणी, आणि रात्री कोण बाई झोपणार तिचं नाव, एवढं आईला निघण्याआधी प्रत्यक्ष दाखवा. रोज संध्याकाळी आठला आईशी फोन ठरवून द्या. टोळी फडावरून (तोड चालू असलेल्या उसाच्या शेतातून) त्याच सुमाराला परत येते. पॅडचा साठा, तापाच्या गोळ्या आणि दवाखान्यासाठी पाचशे रुपयांचा डबा ठेवा. मुली पहिल्या तीन आठवड्यांत परत जातात त्या ताप, पाळी किंवा आपसातलं भांडण यामुळे. तेवढे तीन आठवडे सांभाळले की संक्रांतीपर्यंत चिंता नसते. संक्रांतीला मुली आईबापांना भेटायला कारखान्यावर जातात आणि तिथेच राहतात. म्हणून शक्यतो आईने दोन दिवस इकडे यावं असं आधीच ठरवा. मुली जाणारच असतील तर सोबत कोण नेणार, परत कोण आणणार आणि कोणत्या तारखेला, हे लिहून ठेवा.

आता बालविवाह. तुळशीच्या लग्नानंतर टोळी निघेपर्यंतचे दिवस आणि पुन्हा एप्रिल-मे, हा काळ जपायचा. नव्या जोडीचा कोयता धरला जातो आणि त्यावर उचल मिळते, शिवाय मुलीची जबाबदारी उतरते, असा घरचा विचार असतो. शाळेला दिसणाऱ्या खुणा ठरलेल्या आहेत. घरचे अचानक जन्मतारखेचा निर्गम उतारा (शाळेच्या रजिस्टरातल्या नोंदीची नक्कल) मागतात, आधारवरची जन्मतारीख बदलायची चौकशी करतात, मुलगी मैत्रिणींना वह्या देऊन टाकते. असं काही दिसलं तर त्याच दिवशी हालचाल करा. गावात बालविवाह प्रतिबंधक अधिकारी म्हणजे ग्रामसेवक, आताचे ग्रामपंचायत अधिकारी. १०९८ हा चोवीस तासांचा मोफत क्रमांक आहे. माहिती देणाऱ्या मुलीचं नाव कुठेही येऊ देऊ नका, स्टाफरूममध्येसुद्धा. लग्न थांबवून पालकांकडून हमीपत्र घेतलं की काम संपलं असं मानलं जातं, आणि आठवड्याभरात तेच लग्न मामाच्या गावात लागतं. म्हणून बाल कल्याण समितीपुढे मुलीला हजर करण्याचा आग्रह धरा, आणि पुढचे तीन महिने तिची हजेरी रोज बघा.

---

आवक-जावक

कागदांचं मी सांगतो, माध्यमिक शाळेच्या कार्यालयातला माणूस आहे.

वर्षाच्या मध्यात दाखला काढून देऊ नका. ‘तिकडच्या शाळेत घालतो’ म्हणून पालक दाखला मागतात. टोळी एका फडावरून दुसऱ्या फडावर हलत राहते, तिकडे नाव लागत नाही आणि इकडचा पट कमी झालेला असतो. मूल दोन्हीकडून गेलं. आठवीपर्यंतच्या भावंडांसाठी शिक्षण हमी पत्रक आहे. ते देऊन पाठवलं तर तिकडच्या शाळेत बसता येतं आणि नाव इथेच राहतं. तुमच्या वर्गातल्या मुलासोबत त्याच्या धाकट्यांची हमी पत्रकंही गावच्या शाळेतून निघाली का ते बघा. धाकटं तिकडे शाळेत बसलं तर त्याला सांभाळायला थोरलीला न्यायचं कारण कमी होतं.

आधारचं काम नववीत उरका. पंधरा वर्षं पूर्ण झाली की बोटांचे ठसे आणि डोळ्यांची नोंद नव्याने करावी लागते. ती झाली नसेल तर रेशनच्या यंत्रावर आणि बँकेत अंगठा जुळत नाही. मुलाचं नाव, आईचं नाव आणि जन्मतारीख ही शाळेच्या जनरल रजिस्टरात, आधारवर आणि युडायसमध्ये (विद्यार्थ्यांच्या सरकारी ऑनलाइन नोंदीत) एकसारखी आहेत का ते ऑगस्टात ताडून बघा. दहावीचं आवेदनपत्र युडायसच्या माहितीवरून भरलं जातं आणि ते भरायचे दिवस दिवाळीच्या मागेपुढेच येतात. मूल आणि पालक दोघंही गावात नसताना चूक सापडली तर दुरुस्तीला सही कुणाची घेणार? प्री-लिस्ट (भरलेल्या फॉर्मांची तपासायची यादी) आली की प्रत्येक मुलाला स्वतः वाचायला द्या. जो गेला असेल त्याच्या पालकाला व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवून उत्तर मागवा. परीक्षा शुल्काचे पैसे उचल घरात येते तेव्हाच मागा. नोव्हेंबरात त्यांच्या हातात काही नसतं.

पैशाच्या योजना अनेक आहेत, पण या तीन विसरू नका. एक पालक वारलेला किंवा सोडून गेलेला असेल तर सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेतून मुलामागे महिन्याला २,२५० रुपये मिळतात. मंजुरीला महिने लागतात, म्हणून अर्ज जूनमध्येच जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात द्या. मृत्यूचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, रहिवासी, बोनाफाईड आणि बँक पासबुक लागतं, आणि खातं आधारशी जोडलेलं हवं. मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत बारावीपर्यंत एसटीचा पास मोफत आहे, मुलांना तिकिटाच्या एक तृतीयांश पैशात. मुख्याध्यापकांनी आगाराला यादी दिली तर पास शाळेत मिळतो, मुलांचा पासाच्या रांगेतला दिवस वाचतो. तिसरी एनएमएमएस ही केंद्राची शिष्यवृत्ती: आठवीत परीक्षा, आणि उत्तीर्ण होऊन निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये. पालकांच्या उत्पन्नाची मर्यादा साडेतीन लाख आहे, म्हणजे ही सगळी घरं बसतात. अडचण अशी की परीक्षा साधारण डिसेंबरात होते, तेव्हा नेमकी हीच मुलं फडावर असतात. त्या दिवशी मुलाला आणायचं कोणी हे आठवीच्या शिक्षकांनी आधी ठरवावं. निवड झालेल्या मुलाच्या अर्जाचं दरवर्षी नूतनीकरण करावं लागतं. ते राहिलं की पैसे थांबतात, आणि घरच्यांना वाटतं योजनाच बंद पडली.

दहावीत एक-दोन विषय गेले म्हणजे शाळा संपली असं पोरांनी समजू नये यासाठी निकालाच्या दिवशीच त्यांना गाठा. दोन विषयांपर्यंत एटीकेटीवर (राहिलेले विषय नंतर सोडवायच्या सवलतीवर) अकरावीला प्रवेश मिळतो. पुरवणी परीक्षा जून-जुलैत असते आणि तिचा फॉर्म निकालानंतर थोड्याच दिवसांत भरायचा असतो. निकाल मोबाईलवर बघून लाजेने घरी बसलेला मुलगा ती मुदत हमखास चुकवतो.

---

आकडेमोड

वाचनाबद्दल. नववीत जून संपायच्या आत सगळ्या वर्गाची तोंडी चाचणी घ्या. मुलागणिक चार मिनिटं पुरतात. चौथीच्या पुस्तकातला आठ-दहा ओळींचा उतारा मोठ्याने वाचायला द्या आणि त्यावर दोन प्रश्न विचारा. पाटीवर एक हातच्याची वजाबाकी आणि तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागाकार द्या. इतर मुलांसमोर घेऊ नका, व्हरांड्यात एकेकाला बोलवा. पंधरा वर्षांचा मुलगा वर्गात अडखळत वाचण्यापेक्षा शाळा सोडणं पत्करतो.

जे अडखळतील त्यांचा गट बारा-पंधरा जणांपेक्षा मोठा नको. रोज ४५ मिनिटं, शाळेच्या वेळेतच. शाळा सुटल्यावर ठेवलं तर एसटी चुकते, मुलींना घरी उशीर होतो आणि दुसऱ्या आठवड्यात गट रिकामा. कोणता तास वापरायचा ते मुख्याध्यापकांनी वेळापत्रकात लिहून द्यावं, नाहीतर प्रत्येक विषयशिक्षक आपला तास मागतो. पंचवीस मिनिटं वाचन, वीस मिनिटं आकडेमोड. लहान मुलांच्या गोष्टी देऊ नका, त्यांना अपमान वाटतो. एसटीचं वेळापत्रक, खताच्या पोत्यावरची माहिती, बातमी, उसाच्या वजनाची पावती हे वाचायला द्या. टन आणि क्विंटलचा हिशोब, उचलीतून तोडीचे पैसे वजा जाता बाकी किती, यावर टक्केवारी आणि दशांश चांगले बसतात, आणि मूल घरी जाऊन बापाचा हिशोब तपासतं तेव्हा शाळेचा उपयोग घरालाही कळतो. सहा आठवड्यांनी तीच चाचणी परत घ्या, जे सुटतील त्यांना गटातून मोकळं करा.

हे सगळं दिवाळीच्या आत बसवायचं असेल तर गट जुलैत सुरू झाला पाहिजे. सप्टेंबरात सुरू केलेला गट अर्धवट राहतो.

एक गोष्ट स्पष्ट लिहितो. दहावीचा निकाल शंभर टक्के दाखवण्यासाठी कच्च्या मुलांना नववीत नापास करून ‘सतरा नंबरचा फॉर्म भर’, म्हणजे शाळेबाहेरून खासगीरीत्या दहावीला बस, असं सुचवणाऱ्या शाळा आहेत. हे मुलांवर अन्यायाचं आहे आणि ते थांबलं पाहिजे. नववीत नापास होणाऱ्या प्रत्येक मुलाची फेरपरीक्षा घ्या, तिच्याआधी तीन आठवडे त्याच विषयांची तयारी करून घ्या आणि मगच निर्णय करा. दहावीत लेखी ८० आणि अंतर्गत मूल्यमापन २० अशी विभागणी असते. हे २० गुण नियमित वह्या, प्रयोग, तोंडी यांतून मिळतात. हजर राहणाऱ्या कच्च्या मुलाला याचा मोठा आधार असतो. गणितात पूर्ण पुस्तक संपवण्यापेक्षा अशा मुलाकडून सांख्यिकी, संभाव्यता, अर्थनियोजन, दोन चलांतील रेषीय समीकरणं आणि भूमितीतल्या सोप्या रचना पक्क्या करून घ्या. उत्तीर्ण होण्यापुरते गुण तिथे निघतात.

---

डोंगरपट्टा

सगळ्यांचे मनापासून आभार. वही आजपासून सुरू करतो. दोन शंका राहिल्या. आमच्याकडे मुलींपेक्षा मुलगे जास्त तुटतात. ट्रॅक्टरवर, ढाब्यावर, पुण्यात कामाला जातात आणि हातात पैसे आल्यावर परत येत नाहीत. आणि जी दोन-तीन वर्षांपूर्वीच गेली, त्यांना आता आणता येईल का?

---

कोरी पाटी

मुलग्यांशी बोलताना दहावीनंतर काय, हे हातात घेऊन बोला. आयटीआयला इलेक्ट्रिशियन किंवा फिटर हवा असेल तर दहावी उत्तीर्ण असावं लागतं, अभ्यासक्रम दोन वर्षांचा. आज ट्रॅक्टरवर मदतनीस म्हणून जाणाऱ्या मुलाला हे ठाऊक नसतं. ऑगस्टात एक दिवस त्यांना तालुक्याच्या आयटीआयमध्ये न्या आणि गावातलाच, तिथे शिकणारा मुलगा त्यांच्याशी बोलू दे. भाषणापेक्षा तो मुलगा वर्कशॉप दाखवतो त्याचा परिणाम जास्त होतो.

घरी खरोखर पैशांची गरज असेल तर ‘काम अजिबात करू नको’ म्हणणं टिकत नाही. सुट्टीच्या दिवशी घरच्या शेतात काय काम करायचं ते पालकांसमोर ठरवा, पण शाळेच्या दिवशी नाही आणि मुक्कामाचं काम नाही, ही मर्यादा पक्की ठेवा. मुक्कामाला गेलेला मुलगा परत येत नाही. जो गेलाच असेल त्याला पहिल्या पंधरा दिवसांत फोन करा, त्याच्या जवळच्या मित्रालाही करायला सांगा. महिना उलटल्यावर त्याला आपण मागे पडलो याची भीती वाटते. म्हणून तो परतला की पहिल्याच दिवशी बुडालेल्या धड्यांचं दडपण आणू नका, त्याची जागा आणि वह्या तयार ठेवा. मित्राने उतरवून दिलेल्या दोन विषयांच्या वह्या सुरुवातीला पुरतात.

---

आवक-जावक

जुन्यांबद्दल. ज्याची चौदा वर्षं पूर्ण आहेत आणि किमान पाचवी उत्तीर्ण आहे त्याला खासगीरीत्या, म्हणजे फॉर्म नंबर १७ भरून, दहावीला बसता येतं. नोंदणी ऑनलाइन असते, पावसाळ्यात सुरू होते, पुढे विलंब शुल्क लागतं. शाळा सोडल्याचा मूळ दाखला लागतो. तो हरवला असेल तर दुय्यम दाखला आणि प्रतिज्ञापत्र. आधार आणि फोटो हवेत. अर्ज करताना संपर्क केंद्र म्हणून शाळा निवडावी लागते. तुमची शाळा त्या यादीत असेल तर मुलांना तीच निवडायला सांगा, म्हणजे अंतर्गत गुणांचं काम तुमच्या नजरेखाली होतं. बरीच मुलं लेखीला बसतात आणि हे अंतर्गत काम करायचं असतं हे न कळल्यामुळे मार खातात.

मात्र नववीत शिकत असलेल्या मुलाला हा रस्ता सांगू नका, तो सुटलेल्यांसाठीच ठेवा. घरी बसून अभ्यास करणाऱ्याला शिकवणारं कुणी नसतं. ज्यांना तेही झेपणार नाही, त्यांच्यासाठी महाराष्ट्र राज्य मुक्त विद्यालय मंडळ आणि राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था हे पर्याय आहेत, तिथे विषयांची निवड मोकळी असते.

आणि दहावीच्या वेळापत्रकाबद्दल एक. परीक्षा अलीकडे फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात सुरू होते, तेव्हा हंगाम चालूच असतो. जी मुलं शेवटी फडावर गेलीच, त्यांना अंतर्गत परीक्षेच्या आधी, म्हणजे जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात परत आणायचं आहे. गाडीभाडं कोण देणार, कुणाबरोबर येणार, महिनाभर कुणाच्या घरी राहणार आणि हॉलतिकिटावर कोणतं केंद्र येणार, हे मुकादमाचा नंबर फिरवून जानेवारीच्या पहिल्याच आठवड्यात पक्कं करा. परीक्षा केंद्र दुसऱ्या गावात असेल तर पेपरच्या वेळेला पोचणारी एसटी आहे का ते आगारात विचारा. नसेल तर मुख्याध्यापकांच्या पत्राने जादा फेरी मागता येते, पत्र पंधरा दिवस आधी द्यावं.